‘मुसा’ म्हणून ओळखले गेलेले परदेशी : निजाम-मराठे सरहद्दीवरील फ्रेंच आणि आपला बालाघाट

संत कातेरी तेकाक्विथा यांचे नाव आपल्या धर्मग्रामांतून आता अपरिचित राहिलेले नाही. १६५६ साली मोहॉक जमातीत जन्मलेल्या, देवीच्या साथीत आईवडील गमावलेल्या आणि १६८० साली अवघ्या चोविसाव्या वर्षी देवाघरी गेलेल्या या कुमारिकेला पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २१ ऑक्टोबर २०१२ रोजी संतपद बहाल केले. त्यांचे चरित्र वाचताना एक प्रश्न मनात येतोच. उत्तर अमेरिकेच्या त्या सरहद्दीवर फ्रेंच वसाहतवाले आणि तेथील मूळ रहिवासी यांचे परस्परांशी संबंध नेमके कसे होते? आणि नेकनूर, केज, पाटोदा भागातील वाचकाला त्या दूरदेशीच्या गोष्टीशी काय कर्तव्य?

कर्तव्य आहे, असे आम्हांस वाटते. कारण फ्रेंच माणूस आपल्याही सरहद्दीवर येऊन गेला आहे. आपल्या पूर्वजांनी त्याला जवळून पाहिले, त्याच्या हाताखाली कवायत केली, त्याच्याविरुद्ध लढाई दिली, आणि त्याचा खर्चही सोसला. ही हकिगत समजून घेण्यासाठी आधी कॅनडाकडे क्षणभर पाहू.

फ्रेंचांची कॅनडातील वसाहत विस्ताराने अफाट, पण माणसांनी विरळ होती. १७६० च्या सुमारास तेथे सत्तर हजारांच्या आत-बाहेर फ्रेंच होते. शेजारच्या इंग्रज वसाहतींत तेव्हा पंधरा लाखांच्या आसपास लोकवस्ती होती. इंग्रज वसाहतवाल्याला शेतीसाठी जमीन हवी होती. फ्रेंच व्यापाऱ्याला बीव्हर नावाच्या प्राण्याची कातडी हवी होती, आणि ती जंगलातून आणून देणारा मूळ रहिवासीच होता. साहजिकच फ्रेंचांना त्यांच्या भाषा शिकाव्या लागल्या, त्यांच्या सभेत त्यांच्या रीतीने बसावे लागले, दरवर्षी नजराणे द्यावे लागले. १७०१ साली माँट्रियल येथे जवळजवळ चाळीस जमातींनी फ्रेंचांशी व एकमेकांशी तह केला, तो याच व्यवहाराचा कळस होय. परंतु हे चित्र केवळ सलोख्याचे रंगवणे अन्यायाचे होईल. १६६६ साली फ्रेंच फौजेने मोहॉकांची गावे व त्यांतील धान्याचे साठे जाळून टाकले, तेव्हा कातेरी दहा वर्षांची होती. तिच्या आईवडिलांना नेणारा देवीचा रोगदेखील युरोपीय माणसांबरोबरच त्या खंडात आला होता.

आता आपल्या मुलखाकडे वळू. १७१९ च्या सनदांनी मराठ्यांना दक्षिणेच्या सहा सुभ्यांवर चौथाई व सरदेशमुखीचा हक्क मिळाला. १७२४ नंतर त्याच सुभ्यांवर निजाम-उल्-मुल्क जवळजवळ स्वतंत्रपणे राज्य करू लागला. म्हणजे जमीन निजामाची, आणि महसुलावर शेकडा पंचवीस चौथाईचे व शेकडा दहा सरदेशमुखीचे मागणे मराठ्यांचे. हिला दुअमली म्हणत. बीडचा टापू या दुअमलीच्या ऐन मध्यावर होता. गोदावरीकाठी, आजच्या गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन येथे १० ऑगस्ट १७६३ रोजी तरुण माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. दक्षिणेस दोन-तीन मजलांवर परांडा, पूर्वेस उदगीर, नैर्ऋत्येस खर्डा. नेकनूरच्या बाजारपेठेला मध्यबिंदू कल्पून वर्तुळ काढले, तर अठराव्या शतकातील निजाम-मराठे संघर्षाची किती रणक्षेत्रे त्यात सापडतात, हे पाहण्यासारखे आहे.

या सरहद्दीवर फ्रेंच प्रथम आले ते बुसी या सरदाराबरोबर. त्यापूर्वी किनाऱ्यावर त्यांची ये-जा होतीच. सुरतेला १६६८ साली त्यांची वखार निघाली, आणि आबे कारे नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने शिवाजी महाराजांविषयी जे लिहून ठेवले ते आजही अभ्यासक वाचतात. पण घाटमाथ्यावरील राजकारणात फ्रेंचांचा हात पडला तो १७५१ मध्ये. पाँडेचेरीहून निजामाच्या एका वारसाला गादीवर बसवण्यासाठी निघालेली फौज वाटेत त्या वारसाचाच खून झाल्यावर दुसऱ्या वारसाला, म्हणजे सलाबतजंगाला, घेऊन औरंगाबादेस (आजचे छत्रपती संभाजीनगर) पोहोचली. बुसीजवळ तेव्हा सुमारे तीनशे फ्रेंच आणि दोन हजार एतद्देशीय शिपाई होते. एवढ्याशा माणसांच्या बळावर तो सात वर्षे निजामाच्या दरबारात टिकून राहिला.

तो टिकला कसा? तोफा जलद डागण्याची आणि एका ओळीत उभे राहून बंदुकांची फैर झाडण्याची विद्या त्याच्याजवळ होती, हे एक कारण. १७५१ च्या अखेरीस चंद्रग्रहणाच्या रात्री कुकडी नदीकाठी त्याने नानासाहेब पेशव्यांच्या छावणीवर छापा घातला. पेशवे त्या वेळी ग्रहणकाळातील धर्मकृत्यात होते. या छाप्याने मराठ्यांना तोफांच्या नव्या विद्येचे महत्त्व चांगलेच पटले. दुसरे कारण कॅनडातल्यासारखेच आहे. माणसे थोडी असल्याने बुसीला इथल्या रीतीने वागणे भाग होते. तो दरबारी पद्धतीने मिरवत असे, नजराणे देत-घेत असे, आणि त्याचा दिवाण हैदरजंग हा इथलाच होता. याच हैदरजंगाचा मे १७५८ मध्ये औरंगाबादेस खून झाला आणि बुसीचा एक हातच गेला. त्याच वर्षी पाँडेचेरीहून त्याला परत बोलावण्यात आले.

मराठी कागदपत्रांत बुसीला ‘मुसाबुसी’ म्हटलेले आढळते. फ्रेंच भाषेत साहेबाला ‘मस्यो’ म्हणतात, त्याचे आपल्या लोकांनी ‘मुसा’ केले. फ्रेंच लोकांना ‘फरासीस’ म्हणत. नावे अशी जिभेवर रुळतात, तेव्हा ओळख केवळ दरबारापुरती राहिलेली नसते.

परंतु या संबंधाचा खरा कणा पगार हा होता. कवायती शिपायाला महिन्याच्या महिन्याला रोख पगार लागतो. जुन्या पद्धतीचा स्वार घोडा घेऊन यायचा, मोहिमेवर लूट मिळवायचा आणि हंगामाला शेतावर परतायचा. कवायती पलटण बारमाही असते. निजामाच्या खजिन्यात रोकड नसे. पगार थकला की शिपाई धरणे धरीत, बंड करीत, किंवा दुसऱ्याकडे निघून जात. म्हणून १७५३ साली औरंगाबादेस बुसीने निजामाकडून उत्तर सरकार म्हणून ओळखला जाणारा पूर्व किनाऱ्यावरील चार जिल्ह्यांचा महसूल फौजेच्या खर्चासाठी आपल्या नावे करून घेतला. या एका व्यवहारात पुढच्या शंभर वर्षांचे बीज आहे, असे आमचे मत आहे. राजाला फौज हवी, फौजेला पगार हवा, पगारासाठी मुलूख लावून द्यावा, आणि मुलूख एकदा लावून दिला की राजाच्या हाती नाव तेवढे उरावे!

बुसी गेला, तरी त्याने शिकवलेली माणसे इथेच राहिली. इब्राहिमखान गारदी हे नाव मराठी घरांत पानिपतामुळे माहीत आहे. बुसीच्या फौजेत तयार झालेला हा तोफखान्याचा सरदार प्रथम निजामाकडे आणि नंतर पेशव्यांकडे आला. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला त्याच्या तोफांनी निजामाचा पराभव करविला, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर तो मराठ्यांच्या बाजूने अखेरपर्यंत लढला. ‘गारदी’ हा शब्दच फ्रेंच ‘गार्द’ म्हणजे पहारेकरी यावरून आला, असे मानले जाते. पुढे ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून गारद्यांनी केला, तेव्हा ते वाड्यात घुसले ते थकलेल्या पगाराचा तगादा लावीत. फ्रेंच तेव्हा तेथे कोणी नव्हता. त्यांनी आणलेली पद्धत मात्र होती, आणि तिची पगाराची अडचणही तिच्याबरोबर होती.

बुसीनंतरचा दुसरा मोठा फ्रेंच म्हणजे रेमाँ. १७५५ साली फ्रान्सच्या गॅस्कनी प्रांतात जन्मलेला हा मनुष्य १७७५ साली व्यापारासाठी पाँडेचेरीस आला, व्यापार सोडून हैदरअली-टिपूच्या पदरच्या फ्रेंच तुकडीत गेला, आणि दुसऱ्यांदा हिंदुस्थानात आलेल्या म्हाताऱ्या बुसीच्या हाताखाली काही काळ राहिला. बुसी १७८५ मध्ये वारल्यावर त्याने निजाम अलीखानाची नोकरी धरली. आरंभी त्याच्याजवळ तीनशे माणसे होती, आणि त्यांच्या बंदुका एका फ्रेंच व्यापाऱ्याकडून दर बंदुकीस महिना आठ आणे भाड्याने आणलेल्या होत्या, असे सांगतात. दहा वर्षांत ही संख्या दहा हजारांच्या पुढे गेली. त्याच्या शिपायांत हिंदू होते, मुसलमान होते. तो स्वतः धर्मप्रसारासाठी आलेला नव्हता, आणि त्याच्या पलटणींचे झेंडे तर फ्रेंच राज्यक्रांतीचे तिरंगी होते. मांजरेच्या खोऱ्यात हे झेंडे फडकले, याचे आज नवल वाटते.

कारण १७९५ च्या आरंभी निजाम अलीखानाची फौज बिदरहून मांजरा नदीच्या काठाने वर सरकत खर्ड्याकडे आली. मांजरा उगम पावते ती पाटोद्याच्या बाजूच्या डोंगरांत. नेकनूरचे पठार त्या खोऱ्याच्या माथ्याशी आहे. चौथाईच्या थकबाकीचा वाद विकोपाला गेला होता, आणि नाना फडणविसांनी शिंदे, होळकर, भोसले, सर्वांच्या फौजा एकत्र केल्या होत्या. मराठ्यांचे सर्व मोठे सरदार एका झेंड्याखाली एकवटल्याचा हा शेवटचा प्रसंग. दोन्ही बाजूंस लाखावर माणसे होती. ११ मार्च १७९५ रोजी लढाई जुंपली.

या लढाईत एक विलक्षण गोष्ट घडली. निजामाच्या बाजूस रेमाँ होता. समोर शिंद्यांच्या कवायती पलटणी घेऊन पेराँ उभा होता, आणि होळकरांच्या पलटणींवर दुद्रनेक होता. तिघेही फ्रेंच! मायदेशी राजा आणि प्रजासत्ताक यांचा रक्तरंजित निकाल लागत असताना हे तिघे बालाघाटाच्या पायथ्याशी वेगवेगळ्या धन्यांसाठी तोफा डागत होते. रेमाँच्या पलटणींनी धैर्याने चाल केली. पण निजाम जनानखान्यासह रणात आला होता, तो तोफांच्या गोळ्यांनी घाबरला आणि त्याने माघारीचा हुकूम सोडला. रात्री छावणीत पळापळ झाली. निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला आणि तेथे कोंडला गेला. अखेर त्याला तीन कोट रुपये, दौलताबादचा किल्ला व परांड्यापासून तापीपर्यंतचा सरहद्दीचा पट्टा देण्याचे कबूल करावे लागले. त्याचा दिवाण मुशीर-उल्-मुल्क ओलीस म्हणून पुण्यास गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवराव वारले, पुण्यात गादीचा तंटा माजला, आणि या तंट्याचा फायदा घेऊन निजामाने दिलेल्यापैकी बरेचसे परत मिळवले. सरहद्दीच्या गावांचे धनी थोड्याच काळात दोनदा बदलले.

या ठिकाणी गावांविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय आम्हांस राहवत नाही. इतिहास लिहिणारे सेनापतींची नावे देतात. मार्चचे दिवस म्हणजे आपल्या पठारावर रब्बीची ज्वारी काढून कडब्याच्या गंजी लावण्याचे दिवस. अशा वेळी दोन्हीकडचे लाखभर लोक, त्यांची घोडी, बैल, हत्ती आठ-पंधरा दिवस एका टापूत राहिले, तर कडबा कोणाचा जाणार आणि विहिरी कोणाच्या आटणार, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. फौजांना धान्य पुरवीत ते लमाणांचे तांडे, बैलांच्या पाठीवर गोण्या लादून. ते विकत घेत आणि विकत. पण फौजेचे पेंढारी व घोड्यांचे चारेकरी काही विकत घेत नसत. रेमाँ आणि निजाम यांच्यातील स्नेह खरा होता. रेमाँ आणि त्याच्या शिपायांतील विश्वासही खरा असावा. त्या स्नेहाचा खर्च मात्र ज्या महसुलातून निघे, तो महसूल कुणब्याच्या खळ्यावरून उचलला जाई, आणि ज्या खळ्यावर निजामाचा हात होता त्याच खळ्यावर चौथाईचाही होता.

मराठ्यांकडील पेराँचा मूळ धनी द बॉइन हा सव्हॉय प्रांतातील शांबेरीचा. सव्हॉय कायमचा फ्रान्सचा भाग झाला तो १८६० साली. याच सव्हॉयमधील आनसी गावी १८३८ साली फादर मेर्मिये यांनी संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने मिशनरी संघ स्थापला, आणि त्याचे धर्मगुरू १८४० च्या दशकात विशाखापट्टणमला उतरून पुढे कामठी-नागपूरकडे आले. मराठवाड्यातील घोगरगावच्या परिसरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुवार्ता आली ती याच संघाच्या धर्मगुरूंकरवी. एकाच डोंगराळ प्रांताने शिंद्यांना सेनापती दिला आणि आपल्या धर्मप्रांताला पहिले मेंढपाळ दिले, ही नोंद करून पुढे जाऊ. ती स्वतंत्र लेखाची सामग्री आहे.

खर्ड्याच्या वेळी इंग्रज गव्हर्नर जनरल सर जॉन शोर तटस्थ राहिला. त्यामुळे रागावलेल्या निजामाने इंग्रजांच्या पलटणी परत पाठवल्या आणि रेमाँची फौज वाढवली. जून १७९५ मध्ये निजामाचा मुलगा अलीजाह बंड करून उठला, तेव्हा त्याचा पाठलाग करून त्याला पकडले तेही रेमाँनेच. अलीजाहने विष घेतले. हैदराबादेत फ्रेंचांचे वजन एवढे वाढलेले पाहून इंग्रजांना भीती वाटू लागली. २५ मार्च १७९८ रोजी रेमाँ अकस्मात वारला. त्याचा वारस पिराँ याच्या अंगी ती कुवत नव्हती.

पुढचा अंक पगारानेच घडवला. १ सप्टेंबर १७९८ रोजी निजामाने वेलस्लीशी तैनाती फौजेचा तह केला आणि फ्रेंचांना काढून टाकण्याचे मान्य केले. पलटणीत ही बातमी पसरली, तेव्हा शिपायांनी आपल्या फ्रेंच अधिकाऱ्यांनाच अडकवून ठेवले. त्यांची मागणी थकलेल्या पगाराची होती. २२ ऑक्टोबर १७९८ रोजी इंग्रजांनी छावणीस वेढा दिला. पगार चुकता करण्याचे आश्वासन मिळताच दहा हजारांवर शिपायांनी शस्त्रे खाली ठेवली. रक्त सांडले नाही. शंभराहून अधिक फ्रेंच अधिकारी कैद होऊन रवाना झाले. ज्या बंधनाने शिपाई फ्रेंचांशी जोडले गेले होते, तेच बंधन तुटताच ते वेगळे झाले, यात त्यांचा दोष काढणे आम्हांस बरोबर वाटत नाही. घरी चूल होती.

तरीही पगाराच्या पलीकडे काहीएक उरले होते. हैदराबादच्या पूर्वेस टेकडीवर रेमाँची समाधी आहे. तिच्यावर उंच दगडी स्तंभ आहे. हिंदू शिपाई त्याला ‘मुसाराम’ म्हणत, मुसलमान शिपाई ‘मुसारहीम’ म्हणत. त्याच्या मृत्युदिनी तेथे अनेक वर्षे उरूस भरत असे, ऊद-दिवे लावले जात. जवळच्या वस्तीला आजही मुसारामबाग म्हणतात. २००१ मध्ये समाधीजवळचा मंडप पावसात कोसळला आणि नंतर तो पुन्हा बांधण्यात आला. ‘मस्यो’चा ‘मुसा’ आणि त्याला जोडलेले राम व रहीम! कॅनडातील मूळ रहिवाशांनीही फ्रेंच गव्हर्नराला आपल्या भाषेतले नाव दिले होते. ‘ओनोंतियो’ म्हणजे मोठा डोंगर. मात्र तेथे नजराणे बंद पडताच नावाचा अर्थही ओसरला. इथे पगार बंद झाल्यावरही उदबत्ती जळत राहिली.

फ्रेंच गेले आणि तैनाती फौज आली. तिच्या खर्चासाठी निजामाने १८०० साली टिपूकडून मिळालेले जिल्हे इंग्रजांना देऊन टाकले. याशिवाय हैदराबाद कंटिंजंट या नावाची दुसरी एक फौज उभी राहिली. नाव निजामाच्या फौजेचे, अधिकारी इंग्रज आणि खर्च निजामाचा. तो खर्च थकत गेला, कर्ज वाढत गेले, आणि मे १८५३ मध्ये वऱ्हाड, धाराशिव-नळदुर्गचा भाग व रायचूर दुआब इंग्रजांच्या स्वाधीन करावे लागले. बुसीने फौजेच्या पगारासाठी चार जिल्हे घेतले त्याला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती. धाराशिव व रायचूर १८६० साली परत आले. वऱ्हाड परत आलेच नाही. १९०२ साली ते कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेले.

या कंटिंजंटच्या घोडदळाचे एक ठाणे आपल्याच जिल्ह्यात, मोमिनाबादेस म्हणजे आजच्या अंबाजोगाईस होते. नेकनूरहून केजमार्गे तेथे जाणे स्वाराला एका दिवसाचे काम. १९०३ साली ही फौज हिंदुस्थानच्या लष्करात विलीन झाली, आणि मोमिनाबादच्या छावणीचा जुना थाट त्यानंतर संपला.